स्लीव्ह आधी

मंगळवार, ४ मार्च

माफ कर, वही. गेल्या वर्षापासून तुला हात लावला नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही, पण घरात बसायला कोपरा नव्हता. आज जेवणाच्या सुट्टीत प्रशिक्षण केंद्रातल्या अवजारांच्या खोलीचं दार लोटून बसले आहे. जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

काल केबल जॉइंटरची परीक्षा झाली. परीक्षक मी. आणि परीक्षा देणाऱ्यांत माझे धाकटे दीर!

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. म्हटलंही, पण अर्ध्या तोंडाने. दुसरे परीक्षक आजारी होते. साहेब हसले. "तुम्ही? तुम्ही सख्ख्या भावालासुद्धा सोडणार नाही. पोरं तुम्हाला मेगर म्हणतात, माहीत आहे ना?"

माहीत आहे. मेगर म्हणजे केबलचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र. कुठे जराशी गळती असली की पकडतं. हे नाव मला मनातून आवडतं. म्हणूनच हो म्हटलं. निव्वळ अहंकार.

जमिनीखालच्या दोन केबल जोडायच्या म्हणजे सुरीवर आणि मनावर सारखाच ताबा लागतो. वरची साल, खालचं लोखंडी चिलखत, तांब्याची पट्टी, मग तो काळा थर. तो सोलताना आतल्या पांढऱ्या इन्सुलेशनवर ओरखडाही उठता कामा नये. ओरखड्यात हवा राहते, हवेत ठिणगी पडत राहते, आणि एक दिवस जॉइंट फुटतो. पुसायचं तेही टोकाकडून काळ्या थराकडे, एकाच दिशेने. उलट पुसलं तर काजळी पांढऱ्यावर येते. आणि या सगळ्याच्या आधी स्लीव्ह. ज्या जाड नळ्या शेवटी तापवून जॉइंटवर आवळायच्या, त्या आधीच केबलवर सरकवून ठेवायच्या असतात. दोन टोकांमध्ये फेरूल, म्हणजे धातूची जोडनळी, एकदा दाबून बसवली की स्लीव्ह घालायला वाटच उरत नाही. जॉइंट कापा आणि पहिल्यापासून सुरू करा. मी पहिल्या दिवसापासून घोकून घेते – स्लीव्ह आधी! तरी सगळं येणारा माणूस नेमका इथेच फसतो.

परीक्षेत स्लीव्ह न घालता फेरूल दाबली की नापास. आणि परीक्षकाने तोंड उघडायचं नाही. खूण नाही, हातवारे नाहीत, काही नाही.

सकाळी परीक्षेच्या खड्ड्यात पैलवान फसला. खांद्याने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. आवारात त्याला सगळे याच नावाने हाक मारतात. काम स्वच्छ होतं, पण स्लीव्ह ताडपत्रीवर तशीच पडली होती. मला आधीच दिसली होती. मी गप्प राहिले, राहायलाच हवं होतं. त्याने फेरूल दाबली, मग त्याचं लक्ष गेलं. कपाळावर हात मारून घेतला. "घ्या! वरातीमागून घोडं!"

त्याला नापास केलं. आता पुढची तुकडी, म्हणजे अर्धं वर्ष गेलं.

दुपारी भाऊजी. तोच खड्डा. सोललेली टोकं इतकी नितळ की बघत राहावं. आणि स्लीव्ह ताडपत्रीवर. त्यांनी फेरूल उचलली. एका टोकावर चढवली. दाबायचं यंत्र हातात घेतलं.

मी खोकले.

नुसतीच खोकले नाही. बुटाच्या टोकाने ताडपत्री ढकलली. स्लीव्ह हलली.

त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग फेरूल काढली, स्लीव्ह सरकवली, आणि पुढचं सगळं पुस्तकात असतं तसं केलं. मधोमध तापवायला सुरुवात, मग कडांकडे, हवा बाहेर ढकलत.

पास.

बुधवार, ५ मार्च

घशात काहीही नव्हतं. हे आत्ताच लिहून ठेवते. चार दिवसांनी मीच स्वतःला पटवायला लागेन की धूर गेला होता.

गुरुवार, ६ मार्च

घरात आनंदीआनंद आहे. शहराबाहेर नवीन वीजवाहिनी टाकताहेत, तिथे जॉइंटर म्हणून भाऊजींची जागा पक्की. राहायला क्वार्टर मिळणार. सतरा तारखेला, सोमवारी, दुपारच्या गाडीने तिघं निघणार – ते, जाऊ आणि पोरगी. सासूबाई येईल त्याला सांगताहेत, "माझ्या लेकाचा हात म्हणजे हात आहे. आमची सूनच होती परीक्षेला, आणि ती कुणाला सोडत नाही हो!"

मी भाजीच्या पिशव्या उचलून आत गेले.

नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला. तो दाढी करत होता. आरशातून म्हणाला, "त्याला येतं ना काम? येतं. मग झालं. तू पण ना, उगाच कीस पाडत बसतेस." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "कुणाला बोलली नाहीस ना?"

याचा अर्थ त्यालाही कळलं आहे की मी काय केलंय.

शुक्रवार, ७ मार्च

साहेबांकडे गेले. तयारी करून गेले होते, एक वाक्य पाठ करून. "सर, सोमवारच्या परीक्षेत मी एका उमेदवाराला मदत केली."

साहेबांनी चष्मा काढला. निवृत्तीला आले आहेत. गुपितं ऐकण्याचा त्यांना कंटाळा आहे.

"कशी मदत?"

"खोकले."

"खोकला येतो माणसाला."

"मला आला नव्हता, सर. मी आणला."

"कुणी तक्रार केली?"

"नाही."

"मग बाई, तुम्ही स्वतःच चोर आणि स्वतःच शिपाई कशाला होताय?" मग गंभीर झाले. म्हणाले, लेखी द्या. लेखी आलं की त्या खड्ड्यातले दोन्ही निकाल रद्द, दिराचा आणि पैलवानाचा. दोघांची फेरपरीक्षा, परीक्षक बाहेरचा. तुमची चौकशी. निकाल वर जातात सतरा तारखेला सकाळी, तोपर्यंत काय ते ठरवा. "पण त्यांची नोकरी फेरपरीक्षेपर्यंत थांबायची नाही, एवढं लक्षात घ्या."

सरळ होतं. तिथेच टेबलावर कागद होता, पेन माझ्या हातात होतं. मी म्हणाले, "विचार करून सांगते."

विचार कसला करायचा राहिला होता?

सोमवार, १० मार्च

पैलवान भेटला. आवाराबाहेर चहाच्या टपरीवर. मी दुसऱ्या बाजूने निघून जाणार होते, तोच गर्जना आली, "मॅडम! चहा!"

नाही म्हणता आलं नाही.

"परवा काय झालं," तो म्हणाला, "बूट घातले, लेस बांधली, आणि बघतो तर पायमोजे गादीवर! बायको म्हणाली, आता कळलं तुम्ही नापास का झालात." टपरीवाला हसला, पैलवान त्याच्याहून मोठ्याने हसला. मीही हसल्यासारखं केलं.

मग आवाज खाली आणून म्हणाला, "वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याच नव्या वाहिनीवर माझंही नाव होतं. पण राग नाही. नियम तो नियम. एखाद्याला सोडलं असतंत ना, तर आला असता राग."

चहा संपवता आला नाही. पैसे मी देते म्हटलं, त्याने देऊ दिले नाहीत.

मंगळवार, ११ मार्च

कालपासून एकच प्रश्न. मी का खोकले?

पहिलं उत्तर असं की भाऊजींना काम येतं, एका चुकीने बुडू नयेत. मग पैलवानालाही येत होतं!

दुसरं उत्तर – माया. भाऊजी माझ्या लग्नात शाळेत होते. पहिल्या वर्षी माहेरच्या आठवणीने मी मोरीत रडले तेव्हा दाराबाहेर उभे राहून म्हणाले होते, "वहिनी, मी गाणं म्हणू का, म्हणजे कुणाला ऐकू जाणार नाही?" आणि खरंच मोठ्याने, बेसूर गात उभे राहिले. तर माया आहे. पण त्या दुपारी, यंत्र त्यांच्या हातात असताना, माझ्या डोक्यात ते गाणं नव्हतं.

डोक्यात काय होतं ते लिहिते. खोली होती.

भाऊजींचा कारखाना बंद पडल्यापासून ती तिघं आमच्या मागच्या खोलीत आहेत. ती माझी खोली होती. खिडकीपाशी टेबल, भिंतीला पुस्तकं. आता पुस्तकं पलंगाखाली गेली आहेत आणि टेबलावर पोरीचे कपडे, जावेच्या तेलाच्या बाटल्या. जाऊ वाईट नाही. "ताई, तुमच्यासाठी गरम ठेवलंय," म्हणत मागे मागे असते. पण मी घरी आले की प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असतं. संडासाच्या दाराशी रांग. किती वेळा मनात आलंय – जा आता. जा ना!

ती स्लीव्ह ताडपत्रीवर पडलेली दिसली आणि मला माझं टेबल पुन्हा लांब जाताना दिसलं. म्हणून खोकले.

हे वाचून मलाच माझ्याकडे बघवत नाही.

बुधवार, १२ मार्च

जाऊ मागची खोली आवरते आहे. जाण्याआधी पुस्तकं होती तशी लावून देणार म्हणे. म्हटलं, राहू दे गं. तरी फडकं घेऊन बसली, एकेक पुस्तक पुसून माझ्या हातात देत.

शुक्रवार, १४ मार्च

घरभर खोकी. सासूबाईंनी लोणच्याच्या बरण्यांपासून उशांपर्यंत सगळं बांधायला काढलंय. "आई, तिथे दुकानं आहेत," नवरा म्हणाला. "असतील. उशी आपली ती आपली."

भाऊजी मात्र शांत. नेहमी घरभर थट्टा करणारा माणूस. पोरीने विचारलं, "बाबा, तिथे खड्डे केवढे असतात?" तर म्हणाले, "माणूस मावेल एवढे." एवढंच. मला वाटलं, त्यांनाही टोचतंय. आयत्या पासाची लाज. आम्ही दोघं एकमेकांची नजर चुकवत जेवतो. काल मीठ हवं होतं, ते माझ्यापाशी होतं. त्यांनी मागितलं नाही, मी दिलं नाही.

जाऊ मात्र हवेत आहे. "ताई, पहिल्यांदा माझं स्वतःचं स्वयंपाकघर!" माझा हात धरून म्हणाली. मी लेखी दिलं तर हे स्वयंपाकघर गेलं. नाही दिलं तर पैलवानाचं अर्धं वर्ष गेलं, आणि मी यापुढे कुठल्या तोंडाने कुणाला म्हणू, स्लीव्ह आधी?

शनिवार, १५ मार्च

ठरलं. लेखी द्यायचं. पण त्याआधी भाऊजींना तोंडावर सांगायचं, मागून वार करायचा नाही. उद्या बाकीचे खरेदीला जातील तेव्हा. चिडतील. आयुष्यभर बोलणार नाहीत कदाचित. सासूबाई तर मला उभी जाळतील. खोलीबद्दलही सांगायचं का? सांगायचं. अर्धं सांगणं ही पुन्हा एक चोरी.

वाक्य घोकते आहे – "भाऊजी, मी तुमचं नुकसान करणार आहे."

रविवार, १६ मार्च

सांगितलं. सगळं, खोलीसकट. ते खोक्याला दोरी बांधत होते. दोरी हातातच राहिली.

म्हणाले, "वहिनी, स्लीव्ह मी विसरलो नव्हतो. बाजूला ठेवली होती."

जुन्या कारखान्यात जॉइंट फुटून एक जॉइंटर भाजला होता, एवढं आम्ही ऐकून होतो. भाऊजी त्याच खड्ड्याच्या तोंडाशी उभे होते, हे कधी घरात बोलले नाहीत. परीक्षेच्या केबलमध्ये वीज नसते, तरी पाय कापत होते म्हणे. नव्या कामावर तर शेजारून चालू केबल जाणार. "भीती वाटते हे आईला कसं सांगू? बायकोला कसं सांगू? नापास झालो असतो तर कुणी काही विचारलं नसतं. तुम्ही खोकलात. मला वाटलं, तुम्ही ओळखलंत, आणि म्हणताय, पळू नका."

मग खोक्यावर बसून रडले. या वेळी दाराशी मी उभी राहिले.

उद्या – निकाल वर जायच्या आत लेखी द्यायचं. फेरपरीक्षा पैलवान देईल; भाऊजी बसणार नाहीत, म्हणजे त्यांना हवं होतं तसे नापासच.