एकतीस नंबरचा बिल्ला

१२ ऑक्टोबर, रविवार. ब्रिस्टल.

घरी येऊन कोट टांगला आणि खिशातून पितळी बिल्ला पडला. एकतीस नंबर. परत करायचा राहिलाच. मूर्ख बाई!

वेल्समधल्या त्या डोंगरात पूर्वी पाटीच्या दगडाची खाण होती, आता झिपलाइन, कॅफे, लॉज. पण खाणीत उतरायची पद्धत जुनीच: फळ्यावरचा बिल्ला घ्यायचा, वर आलं की परत अडकवायचा. आमचा म्हातारा गाईड म्हणाला होता, "रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून खाली. माझ्या वडिलांचा तीन दिवस रिकामा होता." पुढे काय झालं, मी विचारलंही नाही. झिपलाइनचा स्लॉट गाठायचा होता ना. एवढी कसली घाई होती मला?

तिकिटावरच्या नंबरला फोन लावला. त्या गाईडनंच उचलला. धापा टाकत होता. मी बोलायच्या आत म्हणाला, "एकतीस?"

"हो. सॉरी, मी ब्रिस्टलला घरी पोचलेय. बिल्ला उद्या पोस्टानं पाठवते."



"दोनदा खाली जाऊन आलो," तो म्हणाला. "तुमचं नाव माहीत नव्हतं, म्हणून नंबरानंच हाका मारल्या."