धुराच्या बाजूची जागा

प्रिय योनजू,

तुझी आई म्हणते, "पत्र कसलं लिहीत बसलाय, फोन करा की." मी तिला म्हटलं, "फोनवर तुझी लेक मला मधेच तोडते, कागदाला तोडता येत नाही." तेव्हा आता गप बसून ऐक. सोबत संत्र्यांची पेटी आहे. वरची गोड आहेत, ती तू खा. तळाची जरा आंबट निघतील, ती तुझ्या खोलीतल्या त्या सोलच्या मैत्रिणीला दे. आणि अगदी तळाशी, तुझ्या जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळलेला, तुझा रेकॉर्डर आहे.

मागच्या वेळी तू फोनवर रडलीस, ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. उन्हाळ्यात एवढी खपून आपल्या समुद्रात बुड्या मारून शंख काढणाऱ्या पाणबुड्या आज्यांचे आवाज घेऊन गेलीस, आणि तुमच्या सरांनी भर वर्गात विचारलं, "सोलची भाषा शिकलेल्या संगणकाला तुमच्या बेटावरच्या आज्यांचा शब्द न् शब्द कळतोय, मग तुम्ही त्याला नवीन शिकवणार काय?" वर्ग हसला. तू ठरवून टाकलंस, भाषा नको, व्याकरण नको, संगणक तर नकोच. चुलतभावाच्या मोबाइलच्या दुकानात चिकटते, बाबा तुम्ही शब्द टाका. मी म्हटलं, बघतो. बघतो म्हणजे मी खरंच बघतो, हे तुला अजून माहीत नाही.

आधी मी तुझ्या रेकॉर्डरमध्ये राहिलेलं उन्हाळ्यातलं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. हसून हसून माझ्या पोटात कळ आली. अगं, ती यांग सामचुन! (बाई असो की बाप्या, वडीलधाऱ्याला आपण सामचुनच म्हणतो, हे तुझ्या सरांना सांगावं लागेल.) साऱ्या पाणबुड्यांची म्होरकी, मला भर बाजारात "ए खेकड्या" म्हणून हाक मारणारी. ती तुझ्यासमोर म्हणते, "आज समुद्राचे पाणी किंचित शीतल आहे, तथापि आम्ही समाधानी आहोत." टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईनंसुद्धा इतकं सोवळं बोलू नये! तुझ्या संगणकाचा काही दोष नाही. त्याला कळलं, कारण ती त्यालाच कळावं म्हणून बोलली.

त्यांचाही दोष नाही. आमच्या वेळी शाळेत आपली बोली तोंडातून निसटली की गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. मी पहिल्यांदा शंखांच्या टोपल्या घेऊन सोलच्या बाजारात उभा राहिलो, तेव्हा तोंड उघडायचा अवकाश, गिऱ्हाईक भाव पाडायचं. मग कान उघडे ठेवले. शेजारचा मासळीवाला कसा बोलतो, बाई घासाघीस करताना आवाज कुठे चढवते, सगळं उचललं. त्यावरच माझा धंदा उभा राहिला. आमच्या पिढीला एवढंच ठाऊक: पाहुणा आला की चप्पल दाराबाहेर आणि बोलीही दाराबाहेर.

म्हणून तू सुट्टीत इथेच विसरून गेलेला तुझा रेकॉर्डर मी उचलला आणि सगळ्याजणींना सांगितलं, योनजूच्या अभ्यासासाठी पुन्हा आवाज हवेत, या सगळ्या. आल्या की! गावच्या सभागृहात, नवे ब्लाउज घालून, एकीनं तर ओठही रंगवलेले. रेकॉर्डर गादीवर, मधोमध, जणू जिल्ह्याचा साहेब. पुन्हा तेच: शीतल, तथापि, समाधानी. मी कपाळावर हात मारला. तुझ्या आईनं केलेल्या मुळ्याच्या सारणाच्या कुट्टूच्या पोळ्या मात्र झटक्यात संपल्या.

परत येताना गाडीत मी विचार करत होतो, ही यांग सामचुन खरी बोलते तरी कुठे? आणि मलाच हसू आलं. कुठे म्हणजे काय? किनाऱ्यावरच्या त्या दगडी भिंतीच्या रिंगणात, शेकोटीपाशी! पाण्यातून बाहेर आल्यावर त्या जो काही गलका करतात, तो मी लहानपणापासून भिंतीबाहेर टोपल्या मोजून घेताना ऐकत आलोय. पुरुषाला आत मज्जाव, पण कानाला कोण अडवतो?

दुसऱ्या दिवशी त्या पाण्यातून वर आल्या, तेव्हा मी भिंतीवरून रेकॉर्डर आत दिला. म्हटलं, "हा चालू आहे बरं का, लाल दिवा दिसतोय ना? नको असेल तर बंद करा." आत कुजबुज. एक म्हणाली, "सोलची वस्तू आहे, वरच्या जागेवर ठेव, यांग सामचुनच्या शेजारी." मला तर रिंगण माहीत आहे. सगळ्यात खोल बुडी मारणारी बसते वाऱ्याच्या बाजूला, जिथे ऊब आहे आणि धूर नाही. शिकाऊ पोरगी बसते धुरात, डोळे चोळत. मी बाहेरून ओरडलो, "सामचुन, या सोलवालीनं आजवर एक तरी शंख वर आणलाय का?"

मग यांग सामचुनचा आवाज, असा की भिंतीवरचा बगळा उडाला: "खरंच की गं! मेलीनं पाय तरी ओला केलाय का? काढ तिला तिथनं! धुराकडं बसव!"

बस्स. योनजू, तेवढं झालं आणि सगळं बदललं. धुरात बसलेल्या शिकाऊ पोरीशी कोण सोवळं बोलतं? "काय गं ए टकले, नाव काय तुझं? मुकी आहेस होय?" "डोळा बघ कशी मिचकावते, लाल झालाय धुरानं!" "पोट केवढंसं, ही काय श्वास धरणार!" कुणीतरी तिचं नाव धाकटी ठेवलं. मग एकीनं तिला वारा कसा ओळखायचा ते शिकवलं, दुसरीनं ते चूक म्हणून हाणून पाडलं, त्यावरून पार तीस वर्षांपूर्वीच्या एका चोरलेल्या जाळीपर्यंत भांडण गेलं. आणि यांग सामचुन तिला शेवटी म्हणाली, "हे बघ धाकटे, खाली मोठा शंख दिसला तरी हाव धरायची नाही. एक श्वास वर यायला राखायचा. ऐकतेस ना? का झोपलीस?" हे मी तुला सोलच्या भाषेत लिहितोय म्हणून असं अळणी वाटतं. तिथे तिनं जे शब्द वापरले, ते माझ्या आईनंतर मी कुणाच्याच तोंडून ऐकले नव्हते.

घरी आल्यावर मी माझ्या मोबाइलला ते ऐकवलं. तो ऐकून लिहितो ना, तसं. त्यानं काय लिहिलं माहीत आहे? आधी काहीतरी घोड्याबद्दल, मग रेल्वेबद्दल, आणि शेवटी, "क्षमस्व, पुन्हा बोला." मी स्वयंपाकघरात तुझ्या आईचा हात धरून नाचलो! ती म्हणाली, "चळ लागलाय यांना." मी म्हटलं, अगं, त्याला कळलं नाही! एक अक्षर कळलं नाही! आता शिकवायला भरपूर आहे.

तेव्हा चुलतभावाशी मी बोललो नाही, बोलणारही नाही. तुझ्या सरांना हे ऐकव. त्यांचा चेहरा कसा होतो ते मला कळव. यांग सामचुनचा निरोप आहे: "ती धाकटी नुसती ऐकते, विचारत काहीच नाही. विचारणारी पोरगी पाठवून दे. धुराकडं जागा ठेवलीय."

आता खरं सांगतो, हे पत्र कशासाठी. बायकांचे आवाज संपले की रेकॉर्डिंग बंद करू नकोस. त्या आपापल्या घरी गेल्यावर मी भिंतीजवळ एकटाच होतो, धाकटी माझ्या हातात होती, तिचा दिवा चालूच होता, आणि मी तिच्याशी जरा बोललो. म्हणजे तुझ्याशी. तू जन्मल्यापासून मी तुझ्याशी सोलचीच भाषा बोलत आलो, तुला बाजारात कुणी भाव पाडून मागू नये म्हणून. पण तू पाळण्यात होतीस तेव्हा मनात जे आलं होतं, ते त्या भाषेत कधी बसलंच नाही. ते तिथे आहे, आपल्या बोलीत. मोबाइलला मी ते ऐकवलेलं नाही. तुझ्या व्याकरणाच्या वहीत जेवढं सापडेल तेवढं लाव. उरलेलं विचारायला घरी ये. मी सांगेन, आणि या वेळी चप्पल तेवढी दाराबाहेर ठेव.

तुझाच,
खेकडा सामचुन, म्हणजे बाबा