अर्धी प्रदक्षिणा

बाई,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तुम्हाला पत्र लिहायचं मला आत्ता सुचतंय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "उशीर झाला तो झाला, ऱ्हस्वदीर्घ तरी तपासलेस का?" तपासले आहेत. कारण लहानसं आहे. तुम्ही एकदा आमच्या ऑफिसात येऊन संगणकावरचा एक खेळ खेळला होतात आणि तो मध्येच अडकला होता. तुम्ही भलतंच बटण दाबलंत म्हणून तो बिघडला, असं मी तुम्हाला सांगितलं. त्या दिवशी ती माझी चूक होती. पुढे काही महिन्यांनी तेच खोटं झालं, आणि ते खोटं खरं समजून तुम्ही गेलात. ते कसं घडलं ते सांगायला बसले आहे.

निमित्त असं की तो जुना खेळ आता मोबाइलवर आणायचं चाललं आहे. कंपनी हल्ली हिंजवडीत आहे, काचेच्या इमारतीत. सकाळच्या बसमध्ये बसलं की वाकडचा पूल येईपर्यंत महाकाव्याचा एक सर्ग आरामात वाचून होतो, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत त्यावरची टीकाही. परवा तिथे जुन्या फायली उघडल्या. खेळात सापडलेल्या दोषांची आम्ही तेव्हा यादी ठेवत असू: काय अडलं, का अडलं, कुणी पाहिलं. तीत तुमची ओळ निघाली. "गाभाऱ्याभोवती फिरताना नायिका अडकली." आणि पुढे, कारणाच्या रकान्यात, माझ्या आद्याक्षरांसह: "खेळणाऱ्याची चूक." थोडक्या शब्दांत पुरता अर्थ आला पाहिजे असा तुमचा आग्रह असे, तो धडा मी नेमका इथे गिरवला होता. ओळ दुरुस्त करायला गेले, तर जुन्या फायली आता फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत.

मुळात संस्कृतात एम.ए. केलेली मुलगी संगणकाच्या खेळांत काय करते, हे मी तुम्हाला कधी नीट समजावलं नाही, कारण मलाही ते नीट समजलेलं नव्हतं. देश खुला झाला म्हणतात त्या दिवसांत पुण्यात गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते. स्थळं येईपर्यंत बरं, म्हणून घरच्यांनी मला एकात घातलं. स्थळं आली नाहीत, नोकरी आली. एरंडवण्यातल्या एका बंगल्यात दहाबारा माणसं परदेशातल्या कंपनीसाठी खेळ बनवत. सहस्रक बदलताना संगणक बंद पडून जग बुडणार होतं, ते बुडालं नाही, आणि त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत तिकडून मागणी आली की पूर्वेकडची एखादी अद्भुत कथा हवी: जंगल, पडकी नगरी, शाप, आणि कोडी सोडवल्याशिवाय न उघडणारे दरवाजे. कोडी कोण लिहील, असं साहेबांनी विचारलं तेव्हा लग्नात उखाणा घेणारीकडे बघतात तसे सगळे माझ्याकडे वळले.

ती कोडी कुठून आली हे तुम्हाला सांगायला नको. शाळेतला शुक्रवारचा शेवटचा तास, तुमचा संस्कृतचा. तुम्ही फळ्यावर एक कूट लिहायचात, हातावरचा खडू झटकायचात, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं नाही हा तुमचा नियम. मधल्या सुट्टीत मी एकदा तुम्हाला गाठून उत्तर मागितलं होतं. तुम्ही डबा खात होतात. घास थांबवून म्हणालात, "हा चावून देऊ का तुला?" शिक्षकांच्या खोलीतल्या सगळ्या बाया हसल्या. मी आठवडाभर त्या कूटाशी झगडले आणि सोडवून आणलं, तर तुम्ही उत्तराकडे बघण्याआधी माझ्या वाक्यातली विभक्ती दुरुस्त केलीत. असो. आमच्या खेळात अडलेल्या माणसाला मदत करणारं बटण असावं असं परदेशी मंडळींचं म्हणणं होतं. मी ते होऊ दिलं नाही. पत्रव्यवहारात बरीच तात्त्विक कारणं दिली. खरं कारण तुमचा डबा.

तुम्ही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. रस्त्यात भेटलात आणि म्हणालात, "तू करतेस काय, ते एकदा दाखव. का दाखवण्यासारखं नाही?" मग एका दुपारी तुम्ही रिक्षाने आलात. ऑफिसात सगळे बूट घालून वावरत होते, तरी तुम्ही चपला पायरीवर काढल्यात. पिशवीत एक कोरी वही होती, वर तुमच्या त्या देखण्या अक्षरात 'संगणक' असं लिहिलेलं. ज्येष्ठांसाठी निघालेल्या एका क्लासला तुम्ही नाव घातलं होतंत आणि त्याआधी थोडी तयारी करून जायची होती, कारण वर्गात कोरी पाटी घेऊन जाणारे तुम्हाला कधीच आवडले नाहीत.

मी तुम्हाला माझ्या खुर्चीत बसवते. पडद्यावर आमची नायिका उभी आहे: उंच, हातात मशाल, पायात गुडघ्यापर्यंत बूट. शापाने दगड झालेल्या आईला सोडवायला ती एकटी त्या नगरीत शिरलेली आहे. तुम्ही चष्मा सावरून तिच्याकडे बघता.

"एवढ्या जंगलातून ही अशी चालली आहे? डास चावत नाहीत का हिला?"

चित्रं काढणारा चित्रकार मागे खोकतो. मी सांगते की तिचे कपडे परदेशातून ठरून आलेले आहेत. "दिसतंच आहे," तुम्ही म्हणता, आणि एका बोटाने बाणाचं बटण दाबता. ती चालू लागते. तुमच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी वर्गात पंधरा-वीस वेळा पाहिलेलं आहे, एखाद्या मठ्ठ मुलीने अचानक बरोबर अन्वय लावला की उमटायचं ते. पहिल्या दारावरचं कोडं तुम्ही अर्ध्यात तोडता. "सावली. पुढे ने. हे मी सातवीला घालत होते." दुसऱ्याला थोडा वेळ लागतो, आणि तो लागला म्हणून तुम्ही माझ्याकडे वळून मान हलवता. बाई, तुम्ही मला दिलेली ती एवढीच शाबासकी. मग देऊळ येतं.

"बूट," तुम्ही म्हणता.

"काय, बाई?"

"काढायला सांग तिला."

"बाई, ते निघत नाहीत."

"निघत नाहीत म्हणजे? पायाला चिकटलेत?"

"चित्रातच आहेत हो."

"मग मनातल्या मनात काढले म्हणावं," असं म्हणून तुम्ही तिला आत नेता. तोपर्यंत आजूबाजूचे चार-पाच जण काम सोडून तुमच्या खुर्चीमागे उभे आहेत. गाभाऱ्याभोवती एक फेरी पूर्ण झाली की दगडी दार सरकतं, अशी आमची योजना. तुम्ही देव उजव्या हाताला ठेवून निघता. मागच्या भिंतीशी अभिषेकाचं पाणी बाहेर जायची दगडी पन्हळ आहे. चित्रकाराने कुठल्याशा महादेवाच्या देवळाच्या फोटोवरून ती हुबेहूब उतरवली होती. तिथे तुमचं बोट थांबतं.

"पुढे चला ना बाई, ओलांडा."

"महादेवाची पन्हळ ओलांडू? आणि हे तू सांगतेस? एम.ए.?"

आणि तुम्ही तिला आल्या वाटेने परत फिरवता. शंकराची प्रदक्षिणा असते तशीच, अर्धी. चार पावलं ती उलट चालते आणि भिंतीत शिरते. मशालीचा हात बाहेर, बाकीची मुलगी दगडात. पुढे नाही, मागे नाही. तुम्ही बाण दाबता, पुन्हा दाबता. मागे कुणीतरी हसतं. चार दिवसांत खेळ तिकडे पाठवायचा होता, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, हे खरं देऊळ नाहीये. तुम्ही भलतंच काहीतरी दाबलंत."

तुम्ही हात उचललेत आणि मांडीवर ठेवलेत, एकावर एक. "बिघडलं का गं?" असं विचारलंत. मी म्हटलं, "असू द्या, बघतो आम्ही." ती वही तुम्ही उघडलीच नव्हतीत, ती तशीच पिशवीत गेली. तुम्ही चहा घेतला नाहीत.

आमच्याकडे खेळ तपासायला एक मुलगी होती, यवतमाळकडची, नुकतीच पुण्यात आलेली. तुम्ही गेल्यावर ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, बाईंनी काहीच उलटसुलट नाही दाबलं. मी पाहून राहिली होती. ते आपल्याच खेळात आहे." मी तिला म्हटलं, तू आधी तुझी यादी पूर्ण कर. तिने ती ओळ यादीत लिहिली आणि कारणाचा रकाना माझ्यासाठी रिकामा सोडला. तो मी कसा भरला ते वर आलंच आहे.

खेळ गेला. महिनाभरात तिकडून तक्रारी यायला लागल्या की नायिका भिंतीत चिणली जाते आणि खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागतो. तपासलं तेव्हा जे निघालं ते तिकडच्या लोकांना समजावता समजावता साहेबांना घाम फुटला. आम्ही सगळ्यांनी ते देऊळ शेकडो वेळा तपासलं होतं, पण देवळासारखं काही दिसलं की आमची बोटंसुद्धा देव उजव्या हाताला ठेवूनच निघत. एकालाही उलट फिरून बघायचं सुचलं नाही. उलट फिरलं तर काय, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने लिहिलंच नव्हतं, कारण त्यालाही ते सुचलं नव्हतं. तिकडच्या लोकांना देव कुठल्या हाताला याची फिकीर नाही, ते वाटेल तसे वळले. आम्ही पन्हळ ओलांडण्याइतके आधुनिक होतो आणि उलट न फिरण्याइतके धार्मिक, दोन्हीकडून अर्धवट. अख्ख्या ऑफिसात पुरतं शास्त्र पाळणारं एकच माणूस येऊन गेलं होतं, आणि तो दोष त्या माणसाला पहिल्या खेपेत सापडला होता. दुरुस्ती एका दुपारची होती.

त्याच संध्याकाळी ती मुलगी म्हणाली, "मॅडम, बाईंना फोन करून सांगा ना. आपल्यानं बिघडलं असं वाटून राहिलं असेल त्यांना." मी म्हटलं, सांगते. मग म्हटलं, फोनवर काय सांगायचं, प्रत्यक्षच जाऊन येऊ. कर्वे रोडवरून तुमच्या घरी जायला वीस मिनिटं लागतात. मला चार महिने लागले.

तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून गवार मोडत होतात. "चहा घेशील, का तुम्हा लोकांना आता कॉफीच लागते?" असं विचारून तुम्ही उठलात आणि शेंगांची परात माझ्यापुढे सरकवलीत. मी मोडायला लागले. तुम्ही एक शेंग उचलून बघितलीत, "शीर राहिली" म्हणालात, आणि ती पुन्हा माझ्यापुढे टाकलीत. मी वाक्य जुळवत होते. सगळी तयारी होती माझी. तेवढ्यात गॅसकडे तोंड करून तुम्हीच बोललात, "तुझं ते यंत्र दुरुस्त झालं का गं? तुला बोलणी बसली असतील माझ्यामुळे."

मी म्हटलं, "झालं, बाई."

खोटं एवढंच. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, व्याकरणही बरोबर आहे. काहीतरी बोलायचं म्हणून मी संगणकाच्या क्लासचं विचारलं. तुम्ही चहा गाळत होतात. "नाही गं गेले. तिथली यंत्रं लोकांची. आपल्या हातून बिघडायची, आणि ती पोरं काही बोलणार नाहीत, नुसती हसतील." आणि मग माझ्या घरच्यांची चौकशी केलीत. मी चहा प्यायले, उरलेली गवार मोडून दिली, आणि निघाले. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

कामाच्या धबडग्यात राहून गेलं, असं मी त्या मुलीला सांगितलं. तिने एकदाच विचारलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही, यावरून तिला काय समजायचं ते समजलं असावं. स्वतःला मी सांगितलं की आता या वयात बाईंना कशाला त्रास, त्या विसरल्याही असतील. तुम्ही काही विसरत नव्हतात. चाळीस मुलींच्या चाळीस प्रकारच्या चुका तुम्हाला वर्षानुवर्षं पाठ होत्या, आणि माझ्या तर जास्तच. माझ्या वह्यांवर तुमची लाल शाई नाही असं एक पान सापडायचं नाही. घरी येऊन गवार मोडली तरी शीर राहायची. ऑफिसातल्या त्या दुपारी तुमचे हात मांडीवर गेले, आणि पुढे काय करायचं हे विचारायला तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघितलंत. उत्तर मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, असं आपल्या दोघींत तेव्हा पहिल्यांदा घडलं होतं. बाई, मला ते आवडलं होतं. तुमच्या स्वयंपाकघरात खरं सांगितलं असतं तर तेवढंही माझ्याकडे राहिलं नसतं.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्न नाहीच. पण तुम्ही असतात, पत्ताही तोच असता, तरी वरच्या परिच्छेदातली शेवटची दोन-तीन वाक्यं खोडूनच मी ते पाकिटात घातलं असतं.