पोरीच्या कानात नाव कोण सांगणार

सुरत, रविवार संध्याकाळ

पोरगी झाली तवापासून खोलीतले चिडवून राहिलेत. आज संतोष म्हणला, "सरकारनं जन्मल्या जन्मल्या लेकराचा डीएनए घ्यावा. बापाचं नाव तपासूनच दाखल्यावर टाकावं." सगळे हसले, मी पण हसलो.

मग लोह्याहून अक्काचा फोन आला. माझी सख्खी बहीण, पोरीची आत्या. म्हणली, "तू सुरतेला, सुनीता इथं. लोक बोलून राहिलेत. आधी तपासून घे, मग मी बारशाला नाव ठेवते."

तपासून घे! नऊ महिन्यांमागं पोळ्याला मी गावीच होतो की. अक्कानंच तर पुरणपोळी वाढली.

खरं सांगायचं तर संतोषचं घटकाभर पटलं. सगळ्यांचंच तपासलं तर माझ्या बायकोकडं एकटीकडं कोण बोट दाखवणार? पण मग सरकारच हरेक बाळंतिणीवर शक घेणार. कळा तिनं सोसायच्या आन् पुरावा पण तिनंच द्यायचा? न्हाई. मला काही तपासायचं न्हाई. तपासून घे म्हणं!

अक्काला सरळ सांगितलं, "आत्याचा मान तुझा हाय. तुला जमत नसंल तर मी येतो, मीच कानात नाव सांगतो."

"येडा हायस का? बाप कुठं नाव ठेवतो? लोक हसतील."

"हसू दे. सुनीताला रडवण्यापरीस बरं."

मग अक्का हळूच म्हणली, "बारशाच्या कुंचीला कापड कोणत्या रंगाचं आणू?"

पिवळं आण म्हणलो. गावाकडचं तिकीट मात्र काढणारच.