क्लच कोणी जाळला

३ मार्च, गुरुवार

क्लच जळलाय! माझ्या गाडीचा! तीस वर्षं ताइपिंगमधल्या लोकांचे क्लच बदलतोय मी, आणि आज माझ्याच म्हातारीच्या बॉनेटखालून तो घाण वास!

बायकोला, रोहानीला, विकायची केळी तळायला तांदळाच्या पिठाची पोती हवी होती म्हणून गाडी काढली. तळ्याजवळच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी जागची हलेना. कशीबशी घरी आणली आणि खात्री करून घेतली. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, क्लच सोडला. क्लच धड असता तर इंजिन गचकन बंद पडलं असतं. पडलं नाही, मजेत फिरत राहिलं. प्लेट खलास.

पण कशी? दीड वर्षापूर्वी नवी घातलीय. मी गाडी चालवतो ती मागे अंड्यांची टोपली ठेवल्यासारखी. आणि ऑक्टोबरपासून तर महिन्यातून दोनदा, तीही जीव मुठीत धरून.

ऑक्टोबर. इथे लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार? काचबिंदू. डावीकडचं दिसत नाही, उजवीकडचंही कमी होत चाललंय. वर्कशॉपला पायी जातो. व्यायाम, असं सांगितलंय. इपोहच्या इस्पितळाने १४ मार्चला बोलावलंय. जाणार नाही! डोळ्यांत औषध घालतात, मग दिवसभर दिसत नाही, न्यायला-आणायला माणूस लागतं. म्हणजे रोहानीला कळणार, तिच्याकडून इदायूला कळणार. आणि मग आमची लेक वर्कशॉपला कुलूप घालून आम्हाला सेरेम्बानला तिच्या घरी अकराव्या मजल्यावर नेऊन बसवणार. तिथे मी काय दुरुस्त करू? लिफ्ट?

आज एक सायकलवाला अगदी लगत होता. घंटी वाजली तेव्हा कळलं. आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ठरलं.

४ मार्च, शुक्रवार

गाडीत नुसता जाऊन बसलो, तर गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट दोन खाचा पुढे! कालही अडली असणार, पण रस्ता शोधण्याच्या नादात कळलंच नाही. मी कधी सरकवली? मी साडेपाच फूट.

कोणीतरी माझी गाडी चालवतंय.

जावई! फेब्रुवारीत चार दिवस येऊन राहिला होता. इदायूला फोन लावला. ती हसतच सुटली. “आबा, त्याला क्लच म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? त्याची गाडी आपली आपण गिअर बदलते.” खरं आहे. शिवाय तो ताडमाड, सीट मागे नेईल, पुढे नाही.

६ मार्च, रविवार

आह् सेंगच्या सुट्या भागांच्या दुकानात भाव काढायला गेलो. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिन्ही मिळून दोनशे ऐंशी रिंगिट. हे मला तोंडपाठ. त्याला म्हटलं, बोल.

“एकशे चाळीस.”

म्हटलं, बरा आहेस ना? या माणसाने तीस वर्षांत मला एक रिंगिट सोडलेला नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी पंख्याचा पट्टा घेतला, त्याचेसुद्धा पूर्ण पैसे मोजून घेतले होते. आणि आज निम्म्यात!

“जुना माल आहे,” म्हणाला. खोक्यावरून हात फिरवला. नवंकोरं, कागदसुद्धा फाटलेला नाही. “घे ना बाबा! स्वस्त मिळालं तरी तुझी कटकट!” आणि माझ्याकडे पाठ करून नटबोल्ट मोजत बसला.

इथे नक्की पाणी मुरतंय.

७ मार्च, सोमवार

रोहानी विचारते, “बिल कोणाच्या नावाने करणार?” म्हटलं, चोराच्या! ती म्हणाली, “मजुरी जरा बेताने लावा हो.” तिला चोराचाही कळवळा. बाई अशीच आहे. पहिल्यापासून.

९ मार्च, बुधवार

अंगणातच गाडी ठोकळ्यांवर चढवून गिअरबॉक्स उतरवला. रोहानीने बॅटरीचा उजेड धरला. वहीत खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहितो: एकट्याने जमलं नसतं. वरचा बोल्ट सापडेना. चाचपडत होतो, तर ती हळूच म्हणाली, “डावीकडे, वीतभर.” सापडला. पुन्हा पाना खाली पडला, तर मी मागायच्या आत हातात.

प्लेट हातात घेतली आणि अंगठा फिरवला. पार कागद झालाय, रिबिटी वर आल्यात. हे एका चढाचं काम नव्हे. महिनाभर कोणीतरी चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलत उभं राहिलंय. पाय ना धड खाली, ना धड वर. नवशिक्याचा पाय! घाबरट, पण चिवट. रोज येऊन पुन्हा त्याच चढावर.

म्हटलं, “चष्म्याला ग्रीस लागलंय. फ्लायव्हीलचा, त्या मागच्या जाड चकतीचा, रंग कसा दिसतो बघ.”

“निळे डाग आहेत. जांभळट. फार तापलं होतं का हो?”

“फार. ज्याने केलं त्याला गाढवावर बसवायला पाहिजे.”

बॅटरीचा उजेड जरा हलला.

१० मार्च, गुरुवार

प्लेट बसली. पेडल लोण्यासारखं झालंय. बिल लिहून ठेवलं: सामान एकशे चाळीस, फ्लायव्हील घासून आणायचे चाळीस. मजुरीची जागा कोरी, चोर बघून भरीन.

११ मार्च, शुक्रवार

नमाजानंतर आह् सेंगला गाठलं. म्हटलं, निम्म्या भावाचं कारण सांग, नाहीतर तीस वर्षांची मैत्री आज संपली.

त्याने आधी छताकडे बघितलं. मग एकदम भडकला. “अर्धी चूक माझी, मीच शिकवत होतो! शंभरदा सांगितलं तिला! पाय पूर्ण काढ, पाय पूर्ण काढ! ऐकते का? म्हणते, गाडी मागे जाईल! अरे, मागे माझ्याशिवाय कोण उभंय? जाऊ दे की!”

“तिला म्हणजे कोणाला?”

“तुझ्या बायकोला विचार. मला नको. मला त्या गल्लीतून रोज जायचंय.”

घरी आलो. रोहानी केळी सोलत होती. मी बिल समोर ठेवलं. तिने हात पुसले, आत गेली आणि एक कार्ड आणून बिलावर ठेवलं. मी डोळ्यांजवळ धरून पाहिलं. ड्रायव्हिंग लायसन! बासष्टाव्या वर्षी! फोटोत रागावल्यासारखी दिसतेय.

“पहिल्या परीक्षेत चढावरच नापास झाले,” म्हणाली. “म्हणून आपल्या गाडीवर सराव केला. तुम्ही वर्कशॉपला गेलात की.”

“कशाला पण? कुठे जायचंय तुला?”

“इपोहला. चौदा तारखेला.”

मी कार्ड परत बिलावर ठेवलं.

“शर्ट धुताना खिशात इस्पितळाचं कार्ड सापडलं हो. नोव्हेंबरात. त्याच्याआधीच दिसत होतं मला. चहा डावीकडे ठेवला की तुम्ही सांडता. हल्ली उजवीकडेच ठेवते, लक्षात तरी आलं का?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोललात?” आता तिचा आवाज चढला. “मला म्हणे व्यायाम! पाच महिने तुम्ही रस्ता ओलांडेपर्यंत मी खिडकीत उभी असते, केळी जळतात माझी! आणि इदायूला कशी सांगू? मला तरी कुठे जायचंय त्या अकराव्या मजल्यावर?”

रडलो. लिहायला लाज कसली. तीही रडली, आणि रडता रडता म्हणाली की केळी काळी पडतील.

मग तिने बिल उचलून वाचलं. “एकशे ऐंशी. आणि मजुरी?”

मी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. तीच म्हणाली, “सोमवारी फेडते.”

जाताना तिने वहीकडे बघून विचारलं, “यात काय लिहिता हो एवढं?” म्हटलं, खरं असेल तेवढंच.

१३ मार्च, रविवार

गाडी धुतली. सीट दोन खाचा पुढे सरकवून ठेवली. भीती वाटतेय. तिच्या गाडी चालवण्याची नाही.

१४ मार्च, सोमवार

डोळ्यांत औषध आहे, काही दिसत नाही. सांगतोय मी, लिहितेय रोहानी. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येणार नाही, पण वेळेवर आलात, उरलेली टिकवू. क्लच झकास लागतो. इस्पितळाच्या चढावर गाडी एकदाही मागे आली नाही.

आली. दोनदा. यांनी डोळे मिटून माझा हात धरला होता. इथे खरं तेवढंच लिहायचं असतं ना, म्हणून लिहिलं.