अख्ख्या गावाला चूलबंद

१२ जुलै, बुधवार

नवा भोंगा चढवला! दुकानदार म्हणतो चौदाशे. खोटं. चौदाशे नुसत्या पत्र्याचे. खरा खर्च वेगळाच — खांबावर चढताना लेंगा फाटला, गुडघा सोलला, जुन्या भोंग्यात पारवी अंड्यांवर बसलेली निघाली, तिची सोय लावण्यात दुपार गेली. वर बायकोने, रळियातने, अबोला धरला. "घरातला पंखा वर्षभर बंद आहे, आणि हे चालले गावाला ऐकवायला!" एवढं बोलली आणि मग अबोला. तोही हिशेबात धरला तर भोंगा सोन्याचा पडला.

पण आवाज! नदीपल्याडच्या वावडीतून फोन आला — कुरजीभाई, जरा हळू, आमच्या म्हशी पान्हा चोरायला लागल्या.

आज वाचलं ते: पाणी उद्या नाही, परवा. मोंघीमांची पाडी सुटली आहे, शिंगांना लाल रंग. जेठाभाई वारले, दुखवट्याला बसायला रविवारी, सुरतेत.

गावच्या बातम्या हल्ली सुरतेतच घडतात. जन्म तिकडे, साखरपुडे तिकडे, मरणही तिकडे. इथे घडतं ते पाणी न येणं.

१८ जुलै, मंगळवार

पेटीत काही नाही.

चावडीच्या भिंतीवरची ही पेटी मीच ठोकली. एका पेट्रोमॅक्सवर धंदा सुरू केला होता, मांडव-भांडी-लाउडस्पीकर असं सगळं जमल्यावर वाटलं गावाचं काहीतरी करावं. नियमही माझाच — सकाळपर्यंत जी चिठ्ठी पडेल ती भोंग्यावर वाचायची आणि फळ्यावर लिहायची. कुणाचीही असो, आवडो न आवडो. आपण वाचणारे, निवडणारे नव्हे.

आज फळ्यावर नुसती तिथी लिहिली. शेजारच्या मोंघीमा काठी टेकत आल्या. "माझं काही आलंय का रे?" नाही मा. "मग एवढा मोठा भोंगा कशाला चढवलास?"

२३ जुलै, रविवार

तालुक्याचा भूपत दलाल आला. पांढरी गाडी, पांढरे बूट. भर पावसाळ्यात पांढरे बूट घालणारा माणूस स्वतः चिखलात उतरत नाही, दुसऱ्याला उतरवतो.

सोलर कंपनीला उगवतीकडची सगळी जमीन हवी आहे. नदीपासून थेट चावडीच्या मागेपर्यंत, सलग. चहा ओतता ओतता म्हणाला, "भाव कुणाला नको आहे, काका? अडचण एकच. एकेका सातबाऱ्यावर नऊ-नऊ नावं. एक भाऊ हिऱ्यात, एक कापडात, तिसऱ्याचं दोघांशीही बोलणं नाही. सगळे एका जागी सापडले ना, तर एका दुपारचं काम आहे."

ऐकून बरं वाटलं! म्हणजे आमचं खीजडवदर गाव भावाभावांच्या भांडणावर टिकून आहे.

माझ्या चौदा बिघ्यांचं विचारलंच. ते माझ्या एकट्याच्या नावावर. "तुमचं बरोबर मधोमध पडतं, काका." म्हटलं, मधोमधच बरं आहे. हसला. मीही हसलो. दोघांनाही हसता येतं, धंद्याची सवय.

३० जुलै, रविवार

ठरवलं. गोकुळाष्टमीचा, आठमचा उपास सुटला की दुसऱ्या दिवशी, नोमला, अख्ख्या गावाला धुमाडाबंध! माझ्या लहानपणी एकदाच झालं होतं. सगळं गाव एका मांडवात जेवायचं, त्या दिवशी कुणाच्याही घरी चूल पेटवायची नाही.

सुरतवाले सातम-आठमला येतात. देवळात नारळ, दारात फोटो, गाडी वळवून परत. गाव बघतच नाहीत. एकदा नीट मांडी घालून बसू देत, बाजूला भाऊ, समोर मोहनथाळ. ज्या जमिनीवर बसून माणूस पोटभर जेवतो ती त्याच्याच्याने विकवत नाही. रळियातला सांगितलं. ती म्हणाली, "आणि हात धुतल्यावर?"

भूपतला सगळे एकत्र हवेत आणि मलाही सगळे एकत्र हवेत, हे मला कळत नाही असं नाही. पण पंगत माझी. आवाज माझा. बघू कोण कुणाला ऐकवतं.

मोंघीमांनी चावडीवर टोला हाणलाच. "सातमलाच ठेव की रे! त्या दिवशी सगळे शिळंच खातात, चुली तशाही थंड. आयता धूर बंद आणि नाव तुझं!" अख्खी चावडी हसली. चावडी म्हणजे आम्ही सहा जण.

९ ऑगस्ट, बुधवार

भोंग्यावर तीनदा सांगितलं — "नोमच्या दिवशी खीजडवदरात एकाही चुलीतून धूर निघणार नाही! हा कुरजी मांडववाल्याचा शब्द आहे!" तेच रेकॉर्ड करून सुरतेतल्या आमच्या गावकरी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. टाळ्यांची चित्रं इतकी आली की फोन गरम झाला.

सुरतेतून मुलाचा, विपुलचा फोन. "बापुजी, एवढ्या पैशात इकडे आपल्या दुकानाचं शटर झालं असतं." म्हटलं, शटर पाडायलाच लागतं रे रोज, मांडव बांधायला लागतो. तो मग म्हणाला, येतो.

घर आतून रंगवायला काढलं. त्याची खोली आधी.

६ सप्टेंबर, बुधवार

सातम. थंड ठेपले, दही. चुलीला फुलं वाहिलेली.

गाड्या! पाराभोवती गाड्या लावायला जागा नाही. कुलुपं उघडताना तेल मागायला माणसं आमच्याच दारात. प्रत्येक ओट्यावर कुणीतरी बसलेलं. मोंघीमांचे चारही मुलगे आलेत, दोघं एकमेकांकडे पाठ करून. मा मधे बसून दोन्हीकडे चकल्या देताहेत.

रळियात गुणगुणत होती. मी ऐकलं ते तिला सांगितलं नाही, नाहीतर थांबली असती.

७ सप्टेंबर

आठम. उपास. भोंग्यावर भजनं. घसा बसला.

८ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी पेटी उघडली. सहा चिठ्ठ्या! चार हरवलं-सापडलंच्या. एक लवजीभाईची, सुरत मंडळाच्या अध्यक्षांची, मंडळातर्फे माझा सत्कार. सहावी भूपतची.

'उगवतीच्या शिवारातील सर्व खातेदार बंधूंनी जेवणानंतर मांडवात उत्तर बाजूला भेटावे. वकील हजर राहतील.'

चिठ्ठी हातात घेऊन बसलो. फाडली असती तर कुणाला कळलं असतं? भूपतला. आणि मला. मोंघीमा समोर. "काय रे, वाचायचं विसरलास?" वाचली. बसलेल्या घशाने, पण शब्द न् शब्द नीट. वावडीपर्यंत गेलं असणार.

मग दुपार. मांडव असा लागला होता की बस! पाच पंगती, मोहनथाळ, गाठिया, वालाची उसळ, ताक. वाढताना कान उघडे होते.

"काकांच्या मोहनथाळला तोड नाही." — "इथेच असतं तर रोज खाल्लं असतं." — "इथे असतो तर मोहनथाळ परवडलं नसतं, दादा!" हशा.

"वावडीला काय भाव बसला?" — "हळू बोल, कुरजीकाका आहेत."

"मला बहिणीचा वाटा द्यायला अडचण नाही, पण तिचा नवरा..."

मोंघीमांचा थोरला आणि धाकटा, सात वर्षं न बोललेले, एकमेकांना पुरी वाढत होते! डोळे भरून आले माझे. भूक होती म्हणून रडू आलं असेल.

तेवढ्यात आचाऱ्याला लाकडं आणायला गच्चीवर गेलो, तर उगवतीच्या शेतांत धूर! एक नाही, तीन ठिकाणी. संताप आला. स्कूटर काढली. माझ्याच शेतातल्या खोपीपुढे मलसिंगची बायको मक्याचे रोटले थापतेय. दहा वर्षं माझं शेत वाट्याने करतात ही माणसं, दाहोदकडची.

म्हटलं, मलसिंग, ऐकलं नाहीस? अख्ख्या गावाला जेवण आहे!

"ऐकलं ना शेठ. किती दिवस ऐकतोय."

मग?

"ते गावाला सांगितलं, शेठ."

म्हटलं, चला. ताबडतोब. सगळ्या खोपीतले चला. आले, चूल झाकून, पोरांची तोंडं धुऊन. शेवटच्या पंगतीत बसले. रळियातने वाढलं. मी नाही वाढू शकलो.

कारण तेवढ्यात उत्तरेला टेबल मांडलं जात होतं. माझंच टेबल. माझ्याच खुर्च्या. भूपतने विचारलं, "काका, चालेल ना?" मांडवाला येईल त्याला खुर्ची देत आलोय आयुष्यभर. चालेल म्हटलं.

मोंघीमांचे मुलगे रांगेत पहिले. हात धुऊन थेट. थोरल्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. साठेखतावर अंगठे नाहीत, सगळ्यांच्या सह्या — सगळे शिकलेले.

लवजीभाईने शाल घातली आणि माईकवर म्हणाला, "कुरजीभाईंनी आज सगळे भाऊ एकत्र आणले! हे काम कलेक्टरलाही जमलं नसतं!" टाळ्या. भूपतनेही वाजवल्या, जोरात.

९ सप्टेंबर

पत्रावळ्या उचलायलाही कुणी थांबलं नाही. विपुल निघताना खाली बघत म्हणाला, "बापुजी, मधे एकटं शेत राहिलं तर वाट कुठून ठेवणार तुम्ही?" नव्या रंगाचा वास त्याच्या खोलीत अजून आहे.

२२ ऑक्टोबर, रविवार

भुईमूग निघाला. उगवतीला कंपनीचे खांब येऊन पडलेत, रांगेने. वाटेकऱ्यांना सगळ्या मालकांनी फोनवरून सांगितलं — हिशेब पुरा, दिवाळीआधी निघा. मलसिंगला मी म्हटलं, तू राहा, माझं शेत आहे ना. म्हणाला, "एकटं घर कसं राहील शेठ? बाईमाणसाला बोलायला कोण?" तोही निघाला, त्याच्यामागून तीन टेम्पो गेले. टेम्पोतून पोरांनी मला हात केला. शाळेतली सगळी पोरं तीच होती, हे मला मास्तरने सांगितलं तेव्हा कळलं.

८ नोव्हेंबर, बुधवार

फळ्यावर लिहिलं: आपली शाळा वावडीच्या शाळेत विलीन केली आहे. मास्तरने स्वतः चिठ्ठी टाकली आणि स्वतःच खाली उभं राहून ऐकली.

१४ डिसेंबर, गुरुवार

मोंघीमांची चिठ्ठी. त्यांनी सांगितली, रळियातने लिहिली. 'मोंघीमा थोरल्याकडे सुरतेला जात आहेत. लोणच्याच्या दोन बरण्या, पाडी आणि पाट ज्यांना हवे त्यांनी न्यावे.' वाचली. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. पाडी वावडीच्या माणसाने नेली. बरण्या आमच्याकडे.

गाडीत बसताना म्हणाल्या, "तिकडे भोंगा ऐकू येत नसेल ना रे?" म्हटलं, मोठा आवाज लावीन. "लाव."

१९ जानेवारी, शुक्रवार

चावडीवर मी आणि भनुभाई. भनुभाई बहिरा.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

भनुभाईला मुलगी घेऊन गेली.

पाण्याचा माणूस म्हणाला, काका, दोन घरांसाठी मोटर चालू करायला साहेब नाही म्हणतात. टाकी ठेवून घ्या. दुसरं घर कुणाचं, विचारलं. म्हणाला, तुमचंच, मागच्या दाराचा नळ.

१८ फेब्रुवारी, रविवार

रळियातला म्हटलं, रोटले फार चांगले झालेत. गॅस आहे, पण रोटला ती चुलीवरच करते. चुलीकडे बघतच म्हणाली, "काल दिवसभरात मी तुमच्याशीच बोलले. परवाही. तुम्ही तरी भोंग्यात बोलता."

म्हटलं, तो तुझ्यासाठीच वाचतो ना आता.

"मला ऐकायचं नाही हो. मला बोलायचं आहे कुणाशी तरी."

आणि मग तवा उतरवताना — "विपुलचा पोरगा आता चालायला लागलाय."

माझ्या चौदा बिघ्यांसाठी भूपतने ठेवलेला कागद कपाटात आहे, सही न केलेला. आज काढून बघितला. परत ठेवला.

२५ फेब्रुवारी

सूचना: पाणी नाही.

१० मार्च, रविवार

विपुल गाडी घेऊन आला. मला विचारलं नाही, तिला विचारलं. ती पिशवी भरून बसली होती, केव्हापासून कुणास ठाऊक. म्हणाली, "तुम्हीही चला." म्हटलं, पेटी कोण उघडणार? विपुल म्हणाला, "बापुजी, पेटीत टाकणार कोण?"

तिने पिठाचा डबा दाखवला, मिठाचा दाखवला, काडेपेटी दाखवली. मी मान हलवत होतो. मला साधा रोटला थापता येत नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

११ मार्च, सोमवार

सकाळी गच्चीवर गेलो. आज खीजडवदरात एकाही चुलीतून धूर निघाला नाही.