प्रेमलावहिनींची खोडलेली ओळ

कोथरूड, बुधवार

प्रिय शांतवन,

फोन तू उचलत नाहीस, दार ठोठावलं की आतला रेडिओ बंद होतो, म्हणून शेवटी कागद हाती घेतला. शेजारची ऋतुजा रोज तुमच्या हडपसरला नोकरीला जाते, तिच्या हाती पाठवतो आहे. वहिनींच्या कबरीवरच्या दगडाचा मजकूर तू मला गेल्या आठवड्यात धाडलास. माझं अक्षर चांगलं, म्हणून दगडावर मी रेखायचा आणि पाथरवट मच्छिंद्रनं टाकीनं कोरायचा, असं ठरलं होतं. कागद प्रेमलावहिनींच्याच हातचा. नाव, जन्मतारीख, मृत्यूच्या तारखेसाठी सोडलेली मोकळी जागा आणि खाली त्यांची स्वतःची ओळ: ‘हाक येईपर्यंत निजले आहे.’ त्या ओळीवर तू आडवी रेघ मारली आहेस, इतकी जोरात की कागद फाटला. बाकीचं राहू दे, ही ओळ नको, एवढाच तुझा निरोप.

तेव्हापासून मला चैन नाही, कारण त्या रेघेला माझाही हात लागलेला आहे. पस्तीस वर्षं दर रविवारी तू चर्चमधून यायचास, मी दोन बस बदलून तुझ्याकडे यायचो आणि वहिनींचा चहा व्हायच्या आत आपलं भांडण उकळीला आलेलं असायचं. येशू खरंच कबरीतून उठला का? तू शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा आणि हे मानणारा. मी सरकारी दप्तरात जुने कागद वाचणारा आणि न मानणारा. माझ्या बाबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आमच्या घरी मूल नीट बोलायच्या आधी पुरावा मागायला शिकायचं. बायबलातला पौल म्हणतो, उठलेला येशू पाचशे जणांनी पाहिला, मग त्यांतल्या एकाचं तरी नाव दाखव, असं म्हणून मी तुला किती छळलं असेल! येशूच्या कबरीपाशी गेलेल्या बायकांची संख्या बायबलातल्या चार वृत्तान्तांत जुळत नाही, देवदूत कुठे एक तर कुठे दोन. वहिनी आतून म्हणायच्या, ‘अहो भावजी, हजर होत्या बायका आणि मोजायला बसले पुरुष, मग चुकणारच की!’

जानेवारीत दफनाहून परतताना तू रिक्षात एकच वाक्य बोललास, ‘भीमराव, तू जिंकलास.’ खरं सांगतो, आयुष्यात मला इतकं कुणी हरवलं नव्हतं. पस्तीस वर्षं मी भांडलो, ते तू माघार घेणार नाहीस या भरवशावर.

मग मी माझ्याच विरुद्ध प्रकरण पुन्हा उघडलं. तुला बरं वाटावं म्हणून नव्हे, तसलं मला जमत नाही हे तू जाणतोस. नोकरीच्या अडतीस वर्षांत कितीतरी बनावट कागद हाताखालून गेले. बनावट कागद नीटनेटका असतो. साक्षीला गावातले मातब्बर असतात आणि शेवट अगदी समाधानाचा असतो. आता येशूच्या कबरीचा वृत्तान्त बघ. चारांतला सर्वांत जुना, तोही त्याच्या सर्वांत जुन्या प्रतींमधला. साक्षीदार कोण, तर बायका, ज्यांच्या शब्दाला त्या काळी फारसं वजन नव्हतं. आणि शेवट काय, तर त्या थरथरत पळत सुटल्या आणि भीतीपोटी कुणाला काही बोलल्या नाहीत. संपलं. पुढचं शेपूट मागाहून जोडलेलं आहे, असं तुमचेच विद्वान सांगतात. हे मला फार वर्षांपासून ठाऊक होतं आणि मी ते तुझ्यावरच उगारत आलो, की बघ, मूळ कागदात उठलेल्या येशूचं दर्शनच नाही! यंदा तेच पान वाचताना माझ्या अंगावर काटा आला. रचणारा माणूस इथे थांबत नाही रे. इथे थांबतो तो, ज्याला पुढचं सांगायला शब्द सापडत नाहीत. यावरून तो उठला हे सिद्ध होत नाही, आणि तसं मी म्हणणारही नाही. पण त्या पहाटे त्या बायकांना काहीतरी भेटलं असावं, आणि ते काय होतं हे मला माहीत नाही. आजवर मी ‘माहीत नाही’ हे नाक वर करून म्हणायचो. या खेपेला हात आपोआप जोडले गेले.

रविवारी ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला तू गेला नाहीस. मी गेलो. वहिनी दरवर्षी बोलवायच्या आणि मी दरवर्षी झोपेचं कारण सांगायचो. दफनभूमीत माणसं कबरी धूत होती, मेणबत्त्या लावत होती. वहिनींची कबर अजून नुसती मातीची. मी पाणी शिंपडलं, शेवंती ठेवली. शेजारच्या कबरीपाशी तुमच्या गल्लीतल्या मुक्ताबाई होत्या; त्यांचा तरणा मुलगा गेल्या वर्षीच गेला. उजाडलं तसं पाळक मोठ्यानं म्हणाले, प्रभू उठला आहे. आणि मुलाच्या कबरीवर हात टेकून मुक्ताबाई सगळ्यांच्या आधी ओरडल्या, ‘खरोखर उठला आहे!’ माझ्या तोंडून ते शब्द आले नाहीत, खोटं कशाला सांगू? पण त्या जुन्या बायका ज्याला भिऊन पळाल्या, त्याच्यासमोर ही बाई उभी होती आणि जागची हलत नव्हती. इतकं मोठं काही मी याआधी पाहिलेलं नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली होती, ती तुला कधी सांगितली नाही. गावशिवेच्या तंट्याचा एक जुना निवाडा मी मोडीतून उतरवत होतो. त्यात एका विधवेची साक्ष होती, की मेलेल्या नवऱ्यानं स्वप्नात येऊन शीव दाखवली. मला हसू आलं आणि मी ती ओळ गाळली. आमचे रामदास सर एरवी चढ्या आवाजात बोलत नसत. त्या दिवशी मात्र सगळ्यांदेखत म्हणाले, ‘तुम्हाला पटलं का, असं कोणी विचारलंय? साक्ष तिची आहे. आपण ती जशीच्या तशी उतरवायची. फारच पोट दुखत असेल तर खाली आपलं मत लिहून सही करावी.’ मी अख्खा निवाडा पुन्हा लिहून काढला.

आज सकाळी मच्छिंद्रच्या शेडमध्ये जाऊन मी वहिनींचा दगड रेखून आलो. तुझी रेघ मी मानली नाही. ओळ लिहिली आहे, त्यांच्या शब्दांत, पूर्ण. मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही, तूही आज ठेवत नाहीस. पण नाकात नळी असताना ती वहिनींनी लिहिली, आणि ती ना तुझी आहे ना माझी. हे तुझ्यापासून लपवायचं नव्हतं, म्हणून हे पत्र. अक्षरं अजून खडूची आहेत. मच्छिंद्र शुक्रवारी कोरायला बसेल. ओळ नकोच असेल तर ओलं फडकं घेऊन ये आणि तुझ्या हातानं पूस. मी शेजारी उभा राहीन, एक शब्द बोलणार नाही. मला मात्र ती पुसायला सांगू नकोस. हाक येईल की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या वाट पाहत निजल्या आहेत, एवढं खरं आहे, आणि तेवढं दगडावर असायला हवं. शुक्रवारी आठपासून मी तिथेच आहे. ये.

तुझाच,
भीमराव